तुरटीचा खडा

“कुठून आलं हे?” बायकोनं जाळीपलीकडून ओरडून विचारलं आणि नेमकी त्याच वेळी भेट संपल्याची घंटा झाली. लिफ्टवाल्यानं बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. खरं तर त्याच्याजवळ उत्तर नव्हतंच, म्हणजे घंटेनं त्याला वाचवलं असंच म्हणायचं. पण वाचलो म्हणून हुश्श करावं अशी ती वेळ नव्हती. ती तिकडे दोन्ही हातांनी जाळी धरून उभी होती. मागची बाई “एकच मिनिट, एकच मिनिट” करत तिला बाजूला सारून पुढे घुसली, मग गर्दीत तिच्या चष्म्याची एक काच तेवढी दिसली, नंतर तीही दिसेना. हवालदार म्हणाला, “चला, चला, संसार पुरे झाला.” हे तो दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी कोणीतरी हसायचं. आज शेजारी उभा असलेला पहिलवान हसला.

भेटीची ती खोली ज्यानं कोणी बांधली असेल त्याला बायकापोरं नसावीत. लांबट खोली, मधे दोन जाळ्या, आणि दोन जाळ्यांच्या मधे हवालदाराला ये-जा करायला बोळ. अलीकडे कैदी खांद्याला खांदा लावून, पलीकडे घरची माणसं. सगळे एकदम बोलणार, म्हणून सगळ्यांना ओरडावं लागणार. तिथं कुजबुज नावाची गोष्टच नाही. पोराला दात आला तेही ओरडून, म्हातारी गेली तेही ओरडून. जे बोलाल ते शेजारच्यानं ऐकलेलंच असतं आणि संध्याकाळच्या जेवणापर्यंत ते अख्ख्या बराकीचं झालेलं असतं. लिफ्टवाला आणि त्याची बायको अशा खोलीत नवराबायको म्हणून कसेबसे तग धरून होते. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे वाकवायची, अगदी जवळून डोळ्यांत बघायची. इथं तिला नवऱ्याचे डोळे काही दिसत नसत. तरी ती यायची. का यायची ते तिनं पहिल्याच भेटीत ठणकावून सांगितलं होतं. “कोर्टात तुम्ही खोटं बोलला नाहीत, म्हणून मी येणार. ज्या दिवशी माझ्याशी खोटं बोललात असं कळेल, त्या दिवशी मी या रस्त्याला फिरकणार नाही.”

आणि तो खोटं खरंच बोलला नव्हता. त्याच्याकडे देखभालीला असलेली एक लिफ्ट पडली, आत एक म्हातारे गृहस्थ होते, ते गेले. वकील म्हणाला, ब्रेक तपासला होता असं सांग, बाकीचं मी बघतो. कंपनीचे साहेबही घरी येऊन, चहा पिऊन, तेच सांगून गेले. लिफ्टवाला उभा राहिला आणि म्हणाला, “त्या दिवशी ब्रेक तपासायचा राहिला होता.” वकिलानं कपाळाला हात लावला. मेहुणा कोर्टाच्या जिन्यातच म्हणाला की याच्यासारखा अडाणी माणूस शोधून सापडणार नाही. बायकोनं फक्त त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. त्या कॉलरीपाशी लागलेली तिची बोटं त्याला अजून कधीकधी मानेवर जाणवतात.

आणि आता हे. हॉस्पिटलची माणसं येऊन सगळ्या बराकीचं रक्त घेऊन गेली होती, त्यात कितीतरी जणांना ‘सी’ निघाला. हिपॅटायटिस सी. कावीळच, पण ही डोळे पिवळे करून सांगायला येत नाही. वर्षानुवर्षं आत गप्प बसून लिव्हर खाते. बरोबरची बाई मोठमोठी चित्रं घेऊन आली होती. एका ताटात जेवल्यानं होत नाही, मिठी मारल्यानं होत नाही, खोकल्यानं होत नाही, असं तिनं बजावून सांगितलं. रक्तातून रक्तात. एकाच सुईनं नशा केली, गोंदवून घेतलं, एकाचं पातं दुसऱ्यानं वापरलं, की झालं. गोळ्या आहेत, तीन-एक महिने घेतल्या की बहुतेक सगळे बरे होतात. मात्र बरं झाल्यावर पुन्हा तसंच वागलात तर पुन्हा होईल. गोळ्या मिळणार होत्या मोठ्या हॉस्पिटलात, तिथं न्यायला गाडी पाहिजे, गाडीबरोबर बंदोबस्त पाहिजे, आणि बंदोबस्त नेहमीच दुसरीकडे कुठेतरी गेलेला असायचा. ज्यांना निघालाय त्यांच्या घरच्यांनीही तपासून घ्यावं, असा निरोप घरोघरी गेला. बायकोनं तपासून घेतलं. तिचं काहीच निघालं नाही. मेहुणा म्हणाला असणार, बघ, तुझ्याकडून नाही, मग कोणाकडून? आत काय काय चालतं तुला माहीत आहे का? लिफ्टवाल्याला मेहुण्याचा तो आवाज स्पष्ट ऐकू यायचा, अगदी ‘काय काय’वर त्यानं दिलेल्या जोरासकट.

बराकीत कोणाला प्रश्न पडलाच नव्हता. रोग आला म्हणजे आणणारा कोणीतरी पाहिजे, आणि तो हाताशीच होता. नक्षीवाला. काटकुळा पोरगेला माणूस. खेळण्यातल्या मोटारीला सुई बांधून गोंदवायचा. काजळी आणि शाम्पू कालवून शाई करायचा. कोणाच्या दंडावर आई, कोणाच्या छातीवर वाघ. वाघ मांजरासारखा दिसायचा, पण त्याला तसं कोणी बोलून दाखवत नसे. सुई एकच. बाईंनी चित्र दाखवलं आणि सगळ्यांच्या माना एकदम नक्षीवाल्याकडे वळल्या. संडासाच्या दाराच्या फटीत त्याची बोटं धरली आणि पहिलवानानं दार ओढलं. त्यानंतर नक्षीवाल्याला दुसरीकडे हलवलं, आणि बराक शांत झाली. निकाल लागला की माणसं शांत होतात. राहता राहिला लिफ्टवाला. त्याच्या अंगावर तर गोंदण नव्हतं. पण तो आंघोळ बनियन घालून करायचा. लहानपणापासूनची लाज, दुसरं काही नाही. भरल्या घरात वाढलेला, उघड्या अंगानं वावरायची सवय नव्हती. आता त्या बनियनला अर्थ आला. “लिफ्टवाले, बनियनखाली कोण लपवलीय, बघू तरी!” असं नळावर रोज व्हायचं. तोही हसल्यासारखं करायचा.

कुठून? हा शब्द त्याच्या डोक्यात रिकाम्या इमारतीत बेल वाजावी तसा वाजत राहिला. त्याचं सगळं आयुष्य बिघाड शोधण्यात गेलेलं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकली म्हणून बिघाड तिसऱ्या मजल्यावर असतो असं नाही, हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. अडकली तिथून मागे मागे जायचं, वायर धरून, घाई न करता. तसा तो स्वतःच्या अंगात मागे मागे जाऊ लागला. लहानपणी तापात घेतलेली इंजेक्शनं, डॉक्टरांच्या स्टोव्हवर उकळणारी काचेची सिरिंज, तो वास, आईनं डोळ्यांवर धरलेला हात. इंजेक्शनला तो अजूनही घाबरतो; बायको त्यावरून किती हसायची. मग दाढ काढली तो दिवस. मग कामावर मोटरच्या पट्ट्यात अंगठा सापडला तो दिवस, टाके, टिंचरची आग. प्रत्येक ठिकाणी थांबून तो आपली कातडी तपासत होता, इथून तर नाही शिरलं? आणि मग एकदा तुरुंगातल्या पाण्याच्या पंपाशी, कामावर बसल्या बसल्या त्याला आठवलं की आत येण्याच्या आदल्याच वर्षी कंपनीच्या शिबिरात त्यानं रक्त दिलं होतं. डोळे घट्ट मिटून, पण दिलं होतं. ते तपासलं, चांगलं निघालं, तसं सांगितलंही होतं. म्हणजे तोवर काही नव्हतं. बाहेरचं सगळं आयुष्य एका झटक्यात स्वच्छ झालं. त्याला क्षणभर बरं वाटलं, पण आता राहिलं होतं फक्त आतलं.

आतलं तर सगळं त्याला माहीत होतं. सुई नाही, नशा नाही, मारामारी नाही. अंगाला हात लावावा असं कोणी नाही. संध्याकाळी बंदी व्हायच्या, बराकीला कुलूप लागायच्या आधी तो खिडकीपाशी उभा राहायचा. भिंतीपलीकडे शहर होतं. एका उंच इमारतीची काचेची लिफ्ट तिथून दिसायची, वर जाणारी, खाली येणारी. तिच्या चालण्यावरून तिची देखभाल होते की नाही हे त्याला कळत असे. ही खाली पोचताना जरा दचकायची. कोणीतरी बघायला पाहिजे, असं त्याला रोज वाटायचं, आणि मग वाटायचं, आपण कोण सांगणार? आत माणसं होती, हातात पिशव्या असतील, किल्ल्या असतील. घरी जाऊन दार उघडतील. आणि आपल्याला आपल्याच बायकोला एका शब्दाचं उत्तर देता येत नाही. रात्र झाली की दुसरं काही करण्यासारखं नसायचं, तरी झोप येत नसे. लिव्हर ज्या बाजूला असतं त्या बाजूवर हात ठेवून तो पडायचा. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

दाढीच्या दिवशी तो रांगेत बसला होता. बराकीत सगळ्यांची दाढी करणारा म्हणजे मखमल. खरं नाव काय ते कोणी विचारलं नाही. हात हलका म्हणून मखमल. कशासाठी आत आला तेही कोणी विचारलं नाही, तशी रीतच नसते. स्वतःची दाढी मात्र छातीपर्यंत, विचारलं तर म्हणायचा, “दुसऱ्यांची करता करता माझी राहून गेली.” कामाला मोठा कडक. पाती मोजून मिळायची, तरी पातं मधोमध मोडून प्रत्येकाला नवीन अर्धं, हा त्याचा नियम. कमी पडली तर हवालदाराशी भांडायचा, पण एकाचं पातं दुसऱ्याला लावायचा नाही. हॉस्पिटलच्या बाईंनी त्याला सगळ्यांपुढे उभं करून म्हटलं होतं, “बघा, असं काम करायचं. यांच्यासाठी टाळ्या वाजवा.” टाळ्या वाजल्या होत्या. मखमल लाजून दाढीत हसला होता आणि पुढचे कितीतरी दिवस त्या टाळ्यांवर जगला होता.

लिफ्टवाल्याला दाढीचा दिवस आवडायचा. आवडायचा म्हणणं कसंतरीच वाटतं, पण तेच खरं. मखमल दोन बोटं हनुवटीखाली घालून तोंड वर करायचा. त्या दोन बोटांइतक्या मायेनं त्याला आत कोणी हात लावत नव्हतं. मग साबण, मग पात्याची करकर, आणि शेवटी तुरटी. ओला, गार, गुळगुळीत खडा गालावरून फिरायचा. कापलं असेल तिथं झोंबायचा, आणि मग तोंड घट्ट, स्वच्छ, नवं झाल्यासारखं वाटायचं. त्याचे वडील असंच करायचे. खिडकीत आरसा टेकवून दाढी करायचे, तुरटी फिरवायचे आणि ओला खडा उगाच पोराच्या गालावर टेकवायचे. “बस, झालास मोठा.” खडा टेकला की लिफ्टवाला डोळे मिटायचा. आजही तो डोळे मिटूनच बसला असता, पण बिघाड शोधायची सवय लागलेली. त्याचे डोळे उघडे होते. पुढचा माणूस मुरमांचा होता. पातं लागलं, गालावर लाल ठिपके आले. मखमलनं पातं मोडून डब्यात टाकलं, तुरटी उचलली, ठिपक्यांवरून फिरवली. खड्यावर तांबूस ओरखडा उमटला. खडा मगातल्या पाण्यात एकदा बुडाला, वर आला, फळीवर बसला. तो माणूस उठला. पुढचा बसला. साबण, नवं पातं, करकर. पुन्हा तोच खडा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. जग पालथं घालून आला आणि बिघाड समोर फळीवर, ओला, चमकत बसलेला. आणि त्याहून वाईट असं की तो खडा लिफ्टवाल्यानंच दिलेला होता. मोटरचं कळतं म्हणून त्याला पाण्याच्या पंपावर नेमलं होतं. गढूळ पाण्यात फिरवायला तुरटीचं पोतं तिथंच असायचं. मखमल यायचा, “एक गुळगुळीत बघून दे,” म्हणायचा, आणि तो पोत्यात हात घालून, दोन-चार बाजूला सारून, चांगला बघून द्यायचा. त्याची पाळी आली. मखमलची दोन बोटं हनुवटीखाली आली. “काय रे, आज मान लाकडासारखी का?” दाढी झाली, मखमलचा हात खड्याकडे गेला, तर त्याच्या आधी लिफ्टवाल्यानं खडा उचलला आणि गटारात टाकला. त्याच्या गालाला लागलेला खडा आता पुढच्याच्या गालाला लागणार होता, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. रांग खो खो हसली. “मखमल, लिफ्टवाल्याची लिफ्ट वरपर्यंत पोचत नाही आता!” मखमल हसला नाही. त्याला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मखमल पंपावर आला. “खडा दे.”

“नाही देत.”

“का? तुझ्या बापाची इस्टेट आहे? टाकलास तो टाकलास, वर दादागिरी करतोस?”

पंप चालू होता. त्या आवाजात बोलता येत होतं. अख्ख्या तुरुंगात बहुधा तेवढीच एक जागा होती. लिफ्टवाल्यानं सांगितलं. पातं नाही, मखमल, खडा. मुरूमवाल्याच्या गालावरून तुझ्या फळीवर, फळीवरून माझ्या गालावर. माझ्या अंगावर गोंदण नाही, मी सुई घेतली नाही, आणि माझ्यासारखे आणखी आहेत. मखमल आधी हसला, मग चिडला. “माझ्या हाताला नावं ठेवायची नाहीत, सांगून ठेवतो. बाईंनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या, तू तिथंच होतास.” मखमल बोलता बोलता थांबला. त्याला प्रत्येकाचा गाल पाठ होता. कोणाला मुरूम, कोणाच्या हनुवटीवर जुना व्रण, कोण कोणामागे रांगेत बसतो. ते सगळे गाल त्याच्या डोळ्यांपुढून एकामागून एक जाताना लिफ्टवाल्याला दिसत होते. मग त्याचा हात आपल्या दाढीवर गेला आणि तिथंच राहिला.

“मला नाही निघालं,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“ते म्हणतील, स्वतः दाढी ठेवली आणि आम्हाला लावलं.”

“हो.”

मखमलनं स्वतःची बोटं पाहिली. दोघांच्याही डोळ्यांपुढे संडासाचं ते दार होतं. नक्षीवाल्याचं ओरडणं दोघांनीही भिंतीकडे तोंड करून ऐकलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लिफ्टवाल्याच्या मनात आलं, आणि लगेच वाटलं, इथं चोर तरी कोण आहे? बाईंना सांगावं का, असं मखमलनंच विचारलं. बाई चांगल्या होत्या, म्हणूनच भीती होती. त्या पुढच्या खेपेला तुरटीचं चित्र काढून आणतील, सगळ्यांपुढे धरतील, आणि सगळ्यांच्या माना पुन्हा एकदम वळतील. शेवटी लिफ्टवाल्यानं एक खडा फरशीवर ठेवला आणि पान्यानं ठेचला. मखमलनं तो चुरा तळहातावर घेतला. “ज्याची त्याला चिमूट,” तो म्हणाला, “उरलेली फेकायची.” मोठा शहाणपणाचा मार्ग निघाला होता. पण ज्यांना व्हायचा त्यांना रोग होऊन गेला होता. दोघं उगाचच ठेचत राहिले.

तेव्हापासून मखमल पुडीतून चिमूट द्यायला लागला. “काय मखमल, तुरटी महागली काय?” असं लोकांनी दोन-चारदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. कोणाला काही कळलं नाही. लिफ्टवाल्याला मात्र आता उत्तर माहीत होतं, आणि माहीत नव्हतं तेव्हा बरं होतं असं त्याला रोज वाटायचं. पत्रात लिहावं तर पत्र वाचूनच बाहेर जातं. भेटीत सांगावं तर ओरडून सांगावं लागणार. तु-र-टी. बायको म्हणणार, काय? पुन्हा ओरडावं लागणार. तो मनातल्या मनात ते ओरडून बघायचा. प्रत्येक वेळी शब्दाच्या शेवटी मखमलची बोटं दाराच्या फटीत असायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण इथं तोंड दुसऱ्या कोणी दाबलं नव्हतं.

भेटीच्या सकाळी मखमलनं त्याची दाढी जरा जास्तच मन लावून केली. “वहिनी येणार ना? चकाचक जा.” दाढी संपली. मग चिमूटभर चुरा लिफ्टवाल्याच्या तळहातावर ठेवत हळूच म्हणाला, “बोललास तर बोल. तुझं घर आहे. मला कोण बसलंय?” लिफ्टवाल्याला त्याचा भयंकर राग आला. ‘बोलू नकोस, पाया पडतो’ असं म्हणाला असता तर बोलून टाकता आलं असतं. त्यानं तुरटी स्वतःच्या गालावर चोळली. झोंबली.

ती आलेली होती. दुकानातून तशीच आली असावी. गळ्यात मापाची फीत राहून गेली होती. शेजारी पहिलवान, त्याच्यासमोर त्याची म्हातारी आई, हातवारे करून काहीतरी सांगणारी. लिफ्टवाल्यानं आधी इकडचं तिकडचं विचारलं, घराचं, नळाचं, तिच्या गुडघ्याचं. ती उत्तरं देईना.

“आधी ते सांगा!” ती ओरडली. “भावाला सांगून आलेय मी. ‘ते खोटं बोलत नाहीत, विचारून येते,’ असं. कुठून आलं?”

“माहीत नाही!”

“माहीत नाही कसं? बाई म्हणाल्या रक्तातूनच जातं. आपोआप कसं जाईल? अहो, दुसरं कोणी आहे का? आत काही आहे का? असेल तर तेही सांगा. मी ऐकेन. पण सांगा!”

पहिलवानाची म्हातारी बोलायची थांबली. पहिलवानानं मान वळवली. आजूबाजूच्या गलक्यात तिथं एक शांत तुकडा पडला, आणि सगळा तुकडा लिफ्टवाल्याकडे बघू लागला. माहीत नाही हेही खोटंच होतं, पण तेवढं पुरणारं नव्हतं. तिचे हात जाळीवरून सुटत चालले होते, ते त्याला दिसत होतं. हात सुटले की ती वळेल. वळली की संपलं. खरं त्याच्या जिभेवर होतं, तुरटीच्या चवीचं.

“गोंदवून घेतलं!” तो ओरडला.

“काय?”

“गोंदवलं! सुईनं!”

“तुम्ही? अहो, तुम्हाला साधं इंजेक्शन म्हटलं की घाम फुटतो!”

तो पकडला गेला होता. तीस-बत्तीस वर्षं जिच्याशेजारी काढली तिला तो काय सांगत होता? पण आता मागे जाता येत नव्हतं. “तरी घेतलं!”

“काय गोंदवलं?”

हे त्यानं ठरवलंच नव्हतं. “तुझं नाव.”

“काय? ऐकू येत नाही!”

“तुझं नाव! पाठीवर!”

कोणीतरी शिट्टी मारली. “वा रे लिफ्टवाले!” पहिलवान गरजला, “म्हणून बनियन होय!” आणि त्यानं समाधानानं मान डोलावली, कारण हिशेब जुळला होता, सुई ती सुई, नक्षीवाला तो नक्षीवाला. दूर कुठल्यातरी कोठडीत असलेल्या त्या पोराची बोटं लिफ्टवाल्यानं आज पुन्हा एकदा दारात दिली होती. पण त्या वेळी त्याचं लक्ष फक्त बायकोकडे होतं. आता ती म्हणेल, खोटं. आता वळेल. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या माणसावर अविश्वास ठेवायचा कसा, हे तिला येतच नव्हतं. तिनं विश्वास ठेवला. तिचे हात पुन्हा जाळीवर आले आणि ती रडायला लागली.

“कशाला हो? नाव का कुठे पळून जाणार होतं? एवढी भीती वाटते तरी माझ्यासाठी सुई टोचून घेतलीत, आणि हे असलं घेऊन बसलात. आणि मी मेली कसले कसले संशय घेत होते. माझ्यामुळे झालं सगळं.”

“नाही!” तो जीव खाऊन ओरडला. “तुझ्यामुळे नाही! तुझ्यामुळे काहीच नाही!”

त्या भेटीत तो तेवढंच एक खरं बोलला, आणि तेवढंच तिनं मानलं नाही. ती मान हलवत राहिली. “समजूत नका घालू माझी,” ती म्हणाली. “बाहेर आलात ना, की आधी दाखवा मला. कसं काढलंय ते बघायचंय.”

“दाखवतो.”

घंटा झाली. “चला, चला, संसार पुरे झाला,” हवालदार म्हणाला, आणि या खेपेला सगळेच हसले. ती जाताना दोनदा मागे वळून पाहत गेली. पहिलवानानं कौतुकानं त्याच्या पाठीवर थाप मारली, अगदी मधोमध. “आता नळावर दाखवायला लागेल हां, सुटका नाही.” बराकीच्या दारात मखमल उभा होता, त्यानं लिफ्टवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पहिलवानाच्या हसण्याकडे पाहिलं, आणि खिशात दडवलेले दोन्ही हात बाहेर काढले. लिफ्टवाला त्याच्यासमोरून पुढे गेला. बोळ अरुंद होता, मागून माणसं येत होती. तो भिंतीला पाठ लावून चालू लागला.